विरारमार्गे जुहू

आचोळ्याला विमानतळ नाही. तलाव आहे, रिक्षांची रांग आहे, आणि शेजारच्या सोपाऱ्याला कधीकाळी परदेशी गलबतं लागत असा जुना लौकिक आहे. तरी रविवारी संध्याकाळी आमच्या इमारतीतून विमानं सुटतात. संगणकावरचीच, पण गटाने.

गटाने उडण्यात उडणं थोडं, जमवाजमव फार. वेळ सांगायची ती झुलू, म्हणजे ग्रिनिचची. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. त्यातले पाच सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्यामुळे निम्मी मंडळी अर्धा तास आधीच येऊन ‘कुणीच कसं नाही?’ म्हणून हाका मारत बसतात. मग एकदम गर्दी होते. सगळ्यांची विमानं एकाच जागी उगवतात आणि एकमेकांच्या पोटात पंख खुपसून उभी राहतात. खेळात टक्कर लागत नाही, आणि विरार फास्टमध्ये मुरलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखीही नसतं. नवल पुढेच. सकाळी चौथ्या सीटसाठी खांद्याने बोलणारे हेच लोक धावपट्टीवर ‘तुम्ही घ्या आधी’, ‘छे, तुम्हीच’ करत खोळंबून राहतात.

सगळ्यांनी सेस्ना १७२ आणायचं ठरलेलं असतं. एक जण जेट आणतोच. ‘हळू चालवतो हो,’ म्हणतो आणि बाकीचे वडोदऱ्याला असताना सुरतेवर घिरट्या घालत बसतो. कुणाचा तरी माइक उघडा राहतो आणि कुकरच्या शिट्ट्या सर्वांना ऐकू येतात. पाठोपाठ ‘अरे, पानं वाढलीयेत!’ वैमानिक गंभीरपणे ‘स्टँडबाय’ म्हणतो. व्हॅटसिमसारख्या जाळ्यांवर खरे हौशी लोक फुकट कंट्रोलर होऊन बसतात, त्यांना हे उत्तर चालतं. आईला चालत नाही.

आमचं आवडतं उड्डाण १५ ऑक्टोबरच्या आसपासच्या रविवारी असतं. १९३२ साली त्या दिवशी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. पस मॉथ हे एका इंजिनाचं चिमुकलं विमान. अहमदाबादला त्याचं पेट्रोल बैलगाडीतून आलं. १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला. या योगायोगाला काही अर्थ नसावा. पण आमच्यात तो दरवर्षी कुणीतरी सांगतो आणि बाकीचे दरवर्षी ‘काय सांगता!’ म्हणतात.

आम्ही फक्त अहमदाबाद ते जुहू करतो. सेस्नाला तेवढ्याला दोन तास पुरतात. नकाशा लागत नाही. पश्चिम रेल्वेचे रूळ खाली ठेवायचे आणि यायचं. नर्मदा, तापी, वलसाड, वापी. इथवर गट कवायतीतल्यासारखा ओळीत असतो. डहाणू दिसलं की पहिला फुटतो, त्याचं सासर तिथलं. पालघरला आणखी दोघे वळतात. वैतरणा ओलांडून जीवदानीचा डोंगर आला की शिस्त संपलीच. जो तो खाली वाकून आपलं घर शोधायला लागतो. घर सापडत नाही. उपग्रहाच्या चित्रावरून संगणक अंदाजाने इमारती उभ्या करतो. आमच्या चार मजली इमारतीच्या जागी त्याने उतरत्या छपराचा टुमदार बंगला बांधलाय. ताबा कधी मिळणार, एवढंच तो सांगत नाही. मी आचोळ्यावर दोन चकरा जास्तच मारतो.

वसईच्या खाडीपलीकडे उरलेसुरले एकत्र येतात, कारण आता जुहू शोधायचं असतं. पंचाईत अशी, की शेजारीच सांताक्रूझची मोठी, लांबरुंद, दिवे लावलेली धावपट्टी खुणावत असते. आमच्यातले एक काका दरवर्षी तिथेच उतरतात. कुणी हसलं की ते शांतपणे १९७२चा दाखला देतात. त्या साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या इवल्याशा धावपट्टीवर उतरलं आणि ती संपली तरी थांबलं नाही. ‘त्यांच्याकडे तर को-पायलटही होता,’ काका म्हणतात, आणि पार्किंगला कुठे जायचं ते विचारतात.