कायमची एकादशी

ग्लुटेन नसलेल्या, घरी आंबवलेल्या पिठाचा पिझ्झा करणारा गोंदिया जिल्ह्यातला पहिला माणूस मीच, असे मी भेटेल त्याला सांगतो. आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत अजून कोणी आक्षेप घेतलेला नाही, तेव्हा दावा कायम आहे. घरात मात्र या पराक्रमाला 'ते डब्यातलं' म्हणतात. 'ते डब्यातलं दुधाशेजारी ठेवू नका.' 'ते डब्यातलं पुन्हा उतू गेलं, पुसा.' परदेशातली हौशी माणसे आपल्या आंबवणाचे बारसे करतात आणि गावाला जाताना ते शेजाऱ्याच्या हवाली करतात. मीही माझ्याचे नाव 'वैनगंगा' ठेवले. घरच्यांनी ते मानले नाही, पण एका पहाटे ओट्यावर पूर आला तेव्हा नाव सार्थ आहे हे सगळ्यांनी पाहिले.

कृतीत लिहिलेले असते, बरणी उबदार जागी ठेवा. मे महिन्यात गोंदियात उबदार नसलेली जागा दाखवा आणि बक्षीस मिळवा! थंड मुलखात ज्या फुगण्याची लोक दिवस दिवस वाट पाहतात, ते आमच्याकडे दुपारच्या झोपेत उरकते. करायचे तसे काही नसते. तांदळाचे पीठ नि पाणी कालवायचे, रोज थोडे काढून टाकायचे, तेवढेच नवे घालायचे. पिठातलेच यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू आपसांत भांडून कोण राहणार ते ठरवतात. भांडण चालू असताना जो वास सुटतो, त्याने बायकोने कूलरचे तोंड फिरवले. भांडण मिटले की वास ताकावर येतो.

माझी आई पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिने झाकण उघडून पाहिले, नाकाशी नेले आणि निकाल दिला, "आंबलं त आहे. आयते टाक." आयते म्हणजे आमच्याकडची तांदळाची धिरडी.

हे सगळे नातीसाठी, असे मी म्हणतो, आणि ते बरेचसे खरेही आहे. ती सात वर्षांची, नागपूरला राहते, आणि तिला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव, राय यांतले ग्लुटेन पोटात गेले की तिचे शरीर तिच्याच आतड्यावर उलटते. औषध नाही. जन्मभर ती धान्ये टाळायची, एवढाच इलाज. या रोगाची गव्हाशी गाठ घालून दिली डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. संशय त्याला आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेना, माणसे ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली, आणि ही आजारी पोरे मात्र सुधारू लागली. युद्ध संपून पाव परत आला, तशी ती पुन्हा खालावली. 1950 मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला. सगळा देश उपाशी आणि हीच तेवढी अंग धरताहेत, हे पाहताना त्या डॉक्टरला आनंद झाला असेल की लाज वाटली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

गहू पोळीत असतो असा आमचा भाबडा समज होता. तो बांधणीच्या हिंगातही असतो, हे डबीवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचल्यावर कळले. म्हणजे वरण-भातासारख्या निष्पाप जेवणातही फोडणीच्या वाटेने गहू शिरत होता. किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर त्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणता येत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. आयुष्यभर बँकेत पैपैचा मेळ घातला, पण मिलिग्रॅमचा घालायची वेळ निवृत्तीनंतर आली.

पहिले पीठ मी ऑनलाइन मागवले. चकचकीत पाकीट, त्यावर परदेशी कणसाचे चित्र, किंमत अशी की मी ती घरात सांगितली नाही. पाकिटाच्या पाठीमागे घटक लिहिले होते: तांदूळ. आमच्या घराच्या गच्चीवरून राइस मिलची धुराडी दिसतात. वाऱ्याची दिशा बदलली की वाळत टाकलेल्या कपड्यांवर कोंडा बसतो. अशा गावात माणूस कुरिअरने तांदूळ मागवतो, याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे. मी त्याला संशोधन म्हटले.

मग चक्कीवर गेलो. चक्कीवाल्याला सीलिअ‍ॅक समजावून सांगायला गेलो तर तो म्हणाला, "काकाजी, थोडा गहू लागला तं चवच येते." तेव्हा मला सुचले ते आजवरच्या माझ्या सगळ्या सुचण्यांत श्रेष्ठ होते. मी म्हणालो, "उपवासाचं दळण आहे." बस! माणूस उठला. उपवासाची चक्की वेगळी होती, ती त्याने फडक्याने पुसली, कुंच्याने झाडली, गव्हाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या दोन बायांना मागे सरकवले. विज्ञानाने जे झाले नाही ते एकादशीने केले. तेव्हापासून नातीला लग्नात नेले की आम्ही उपवासच सांगतो. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, उपवासाच्या या ठरलेल्या जिनसांत ग्लुटेन नावालाही नाही. एवढ्याशा पोरीचे एवढे कडक व्रत पाहून म्हाताऱ्या बाया तिच्या डोक्यावरून हात फिरवतात.

उपवास सांगितला नाही तर काय होते, तेही पाहिले आहे. "अगं, एवढीशी पुरी खाल्ली तर काय होते?" हे वाक्य मी इतक्या प्रेमळ तोंडांतून ऐकले आहे की मला आता प्रेमळ माणसांचीच भीती वाटते. एवढीशीने काय होते, त्याचे उत्तर तिची आई रात्रभर तिच्या उशाशी बसून देते. शिवाय एक नवा वर्ग निघाला आहे. वजन उतरावे म्हणून यांनी गहू सोडलेला असतो, तो फक्त पोळीपुरता, समोसा चालतो. हे लोक नातीला पाठीवर थाप मारून म्हणतात, "आपण दोघं ग्लुटेन-फ्री!" त्यांच्यातलाच एक मला सांगत होता, गव्हाचे पीठ आंबवले की ग्लुटेन मरते, पोरीला खुशाल द्या. आंबवल्याने ते थोडे तुटते, या आजारात चालेल इतके नक्कीच नाही. मी त्याला फार वाईट बोललो. पोर शेजारी उभी होती. पंगतीत बसताना ती स्वतःच वाढप्याला विचारते, "काका, यात मैदा आहे का?" सात वर्षांच्या पोरीने इतके जपून विचारू नये. तिने हट्ट करावा, सांडावे, उष्टे टाकावे.

असो. तांदूळ कोणता घ्यावा, हा खरा प्रश्न, आणि या प्रश्नावर मला कोणी अडवू नये. चिन्नोर घ्यावा तर वास असा की पिझ्झा नैवेद्याचा वाटेल. तो भातालाच शोभतो, त्याचे पीठ करणे पाप आहे. लुचई जुनी, पण आता मागितली तर दुकानदार आपले वय पाहतो. जय श्रीराम सगळीकडे मिळतो. मी एचएमटीवर थांबलो, कारण माझ्या मनगटावर लग्नातले एचएमटीचे घड्याळ अजून चालू आहे आणि मला असल्या योगायोगांचा नाद आहे. या तांदळाला ते नाव त्या घड्याळावरूनच पडले, हे आमच्याकडच्या नव्या पोरांना सांगितले तर खोटे वाटते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते, जमीन थोडकी, शाळा त्याहून थोडकी. 1983 मध्ये 'पटेल 3' जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. आपण असतो तर वेगळ्या दिसल्या म्हणून उपटून टाकल्या असत्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी निराळ्या पेरल्या, मग त्यातल्या निवडून पुन्हा पेरल्या. दाणा बारीक, शिजायला गुणी, उतारा चांगला. लोकांनी बी मागून नेले, व्यापाऱ्यांनी उचलून धरले, आणि त्या काळी प्रत्येक जावयाच्या हातात जे घड्याळ असायचे त्याचे नाव तांदळाला चिकटले. पुढे त्यांनी आणखी वाण काढले, एकाला त्यांच्याच नावाची आद्याक्षरे आहेत, डीआरके. सन्मान झाले, मासिकांत फोटो आले. 2018 च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा घरची परिस्थिती ओढगस्तीचीच होती. माझ्या त्या चकचकीत पाकिटावर शेफचे नाव होते, कंपनीचे होते, ज्याने प्रमाणपत्र दिले त्याचेही होते. तांदूळ कोणी निवडला त्याचे नाव लिहायला जागा उरली नसावी. मी बँकेत असताना कर्जाच्या अर्जांवर 'धंदा: शेती' एवढेच पाहत होतो. त्यातला एखादा अर्ज अशाच कोणाचा असेल तर मला माहीत असण्याचे कारण नाही. घड्याळ अजून चालते, दिवसाला तीन मिनिटे मागे पडते, पण आता मला कुठे गाडी पकडायची आहे!

तर पीठ. तांदूळ दोन भाग, शिंगाड्याचे आणि ज्वारीचे मिळून एक. शिंगाडा आमच्या मालगुजारी तलावांतला, ढिवरांनी डोंग्यातून तोडलेला. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनची जाळी असते, ती फुगलेली हवा धरून ठेवते. तांदळात ती नाही, म्हणून तिची जागा इसबगोल घेतो. पाणी पिऊन तो गिळगिळीत होतो आणि सगळे एकत्र बांधतो. औषधांच्या दुकानात मी इसबगोलचा मोठा डबा घेतो, तेव्हा दुकानदार आवाज खाली आणून विचारतो, "काकाजी, त्रास वाढला काय?" पिझ्झ्यासाठी नेतो म्हटले तर तो अधिकच काळजीत पडतो. हे पीठ मळता येत नाही, लाटता तर मुळीच येत नाही. तेल लावलेल्या कागदावर गोळा टाकायचा आणि ओल्या हाताने थालीपिठासारखा थापायचा. कडा बोटाने वर ओढायच्या. मग तासभर हात लावायचा नाही, कारण तांदळाचा कण सावकाश पाणी पितो, घाई केली तर दाताखाली रेती लागते. ओव्हन 250 अंशांवर, आत लोखंडी तवा पालथा घालून आधीच तापवलेला. पहिल्यांदा नुसताच पापुद्रा भाजून घ्यायचा, कडा तांबूस झाल्या आणि टिचकीला पोकळ आवाज आला की बाहेर काढून वर सॉस नि चीज, मग पुन्हा आत. नेमक्या याच क्षणी लाइन जाते. चीज अर्धे वितळून थांबते आणि घरातली सगळी माणसे माझ्याकडे पाहतात.

तव्यावर आयते उडवणाऱ्या आईला हा खटाटोप पाहवेना. तेच पीठ तिने पळीभर मागून घेतले, बिडाच्या तव्यावर सोडले, झाकण ठेवले. जाळी अशी पडली की मी फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर एक मोठा मजकूर टाकला: आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, झाडीपट्टीच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ग्लुटेनमुक्त आंबवण चालत आले आहे, जग आज तिथे पोचते आहे. अमरावतीहून टाळ्या आल्या, अमेरिकेतल्या पुतण्याने अंगठा दाखवला. मी तोच मजकूर नातीला मोठ्याने वाचून दाखवला. तिने ऐकून घेतला. मग म्हणाली, "आबा, आयते छान आहेत. पण वर्गातल्या मुलांच्या वाढदिवसाला आयते नसतात."

यावर पूर्वजांकडे उत्तर नव्हते.

म्हणून पिझ्झाच. त्रिकोणीच कापलेला, चीज ओढले तर तार येणारा, आणि खोक्यातूनच वाढलेला. पिझ्झ्याच्या दुकानातले खोके चालत नाही, त्यात मैद्याची भुकटी असते. मी पुठ्ठ्याचे नवे आणून स्वतः घड्या घातल्या. झाकणावर तिने स्केचपेनने दुकानाचे नाव लिहिले, त्याखाली फोन नंबर माझा. परवा तिची मैत्रीण घरी आली होती, तिनेही खाल्ला. 'कडक आहे,' म्हणाली, आणि दुसरा तुकडा उचलला. नात एक शब्द बोलली नाही, फक्त मी पाहतोय ना, एवढे तिने पाहिले. मी ओव्हनचे बटण पुसत होतो.

डॉक्टर म्हणाले, बाहेरची चक्की नको, उपवासाची वेगळी असली तरी तिथे हवेत गहू उडतो. मग पेन्शनीतून घरघंटी घेतली, आणि तिचा आवाज एवढा की तिच्यावर शेजारी माझ्याआधी बोलतात. चक्कीकडे जाणे सुटले. पण गोंदियात माणूस चुकवणे सोपे नाही. भाजीबाजारात चक्कीवाल्याने गाठलेच.

"काकाजी, दिसले नाही. उपवास सुटला काय?"

"नाही बाबा. उलट कडक झाला. बाहेरचं दळणही चालत नाही आता."

तो विचारात पडला. "मंग उद्यापन कधी?"

"याला उद्यापन नसते."

"जनमभर?"

"जनमभर."

त्याने पिशवी खाली ठेवून दोन्ही हात जोडले. मला नव्हे, त्या व्रताला. आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "माझ्या बायकोले नका सांगू, काकाजी. ते बी धरून बसन."