हँडल निवडताना घ्यावयाची दक्षता

सायकल घेताना पुणेकर रंगावर अर्धा तास खल करतो, गिअर मोजतो, स्टँड फुकट मागतो आणि हँडल मात्र आहे तसे घरी आणतो. पुढे मान, मनगटे आणि बोटे कुरकुर करू लागली की खापर सीटवर फुटते. हा अन्याय थांबावा म्हणून हे मार्गदर्शन.

प्रथम इच्छुकाने आपण जाणार कुठे, हे खरे खरे सांगावे. ‘लडाख’ हे उत्तर बाद धरले जाईल. दूध, मंडई आणि जमलेच तर रविवारी सिंहगडाचा पायथा असे असेल, तर तसेच सांगावे, लाजू नये. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँडने कोपरे टेकून पुढे झुकायच्या दांड्या हँडलला लावल्या, ५० सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि लॉराँ फिन्याँला एकूण ८ सेकंदांनी हरवले. हे कळल्यापासून अनेकांना तशा दांड्या हव्या असतात. त्या धरल्या की बोटे ब्रेकपासून लांब जातात. लेमाँडच्या समोरून कोणी येणार नव्हते. लक्ष्मी रस्ता एकेरी असूनही येतात.

आता रुंदी. डोंगरात चालवायच्या सायकलींना हल्ली ७२० ते ८०० मिलिमीटरचे सरळ हँडल येते. रुंदीमुळे तरफेचा जोर मिळतो, खडीवर चाक भरकटत नाही. मात्र बस आणि रिक्षा यांच्यामध्ये उरणारी फट कुठल्याच कंपनीने विचारात घेतलेली नाही. गावातल्या गावात ६०० च्या आसपास पुष्कळ झाले. हँडल करवतीने कापता येते. पण आधी ब्रेकचे लिव्हर आणि ग्रिप आत सरकवून चार दिवस चालवून पाहावे. कापून झाल्यावर ‘थोडं जास्तच गेलं’ म्हणण्याला अर्थ नसतो.

खाली वळलेले रेसिंगचे हँडल रुबाबदार खरे. ते साधारण खांद्यांच्या रुंदीचे, म्हणजे बहुतेकांना ३८ ते ४४ सेंटिमीटरचे लागते. खालच्या वळणात हात घालून वाकले की वारा कमी लागतो. ज्यांचे पोट मध्ये येते त्यांनी तो भाग शोभेचा समजावा. सरळ हँडल काढून हे बसवू पाहणाऱ्यांसाठी गंभीर इशारा: सरळ नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर जाड असते, रेसिंगची २३.८. या दीड मिलिमीटरपायी जुने लिव्हर आणि गिअरचे खटके बाद होतात, मग केबलही नव्या. हँडल स्वस्तात पडते, वऱ्हाड महागात. शिवाय हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमची पकड २५.४ ची की ३१.८ ची, हे न मोजता दुकानात जाणाऱ्याला परतीची फेरी ठरलेलीच.

राहिले दूधवाल्याच्या काळ्या सायकलचे मागे वळलेले हँडल. मुठी आपणहून हाताशी येतात, मनगट सरळ, पाठ ताठ. माझ्या मते निम्म्या शहराला हेच हवे आहे. फक्त ते कोणीतरी इंग्रजी नावाने, दुप्पट किमतीला विकायला हवे. चढावर जोर लावताना ते कमी पडते आणि अरुंद बोळात वळताना मूठ गुडघ्याला लागते, एवढे सोसावे.

करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या त्या कडेची नस दाबली जात आहे. लगेच नवे हँडल घेऊ नये. आधी हँडल थोडे उंच करावे, रुंद ग्रिप लावावी, हातांची जागा बदलत राहावी. ब्रेकचा लिव्हर सैल करून असा फिरवावा की त्यावर बोटे ठेवल्यावर हात आणि पंजा एका रेषेत येतील. काम दोन मिनिटांचे, खर्च शून्य. म्हणूनच कोणी करत नाही.

पिशव्यांबाबत: उजवीकडे दोन लिटर दूध आणि डावीकडे कोथिंबिरीची जुडी, अशी विभागणी केल्यास सायकल उजवीकडे स्वतःच्या मताने वळते. पुढे टोपली लावावी.

शेवटी तपासणी. स्टेमचे बोल्ट तिरपे आलटून पालटून आवळावेत. पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळावे. चाक जागेवर राहून हँडलच फिरले, तर पुन्हा आवळावे. तेवढ्यात शेजारच्या कोणी ‘एक चक्कर मारू का?’ विचारले, तर आपले संबंध कसे आहेत त्यावर निर्णय घ्यावा.