आधी आवाज सारखा करा

हाय-फायच्या दुकानात दोन ॲम्प्लिफायर शेजारी मांडलेले असतात. विक्रेता एकच गाणं आधी एकावर लावतो, मग दुसऱ्यावर लावतो आणि विचारतो, "फरक कळला का, साहेब?" फरक कळतोच, कारण दुसरा जरा मोठ्यानं वाजत असतो. माझी तक्रार तिथूनच सुरू होते. दुकानात ती तोंडी करून झाली आहे, इथे लेखी करतो. आवाजाची पातळी सारखी न करता केलेल्या तुलनेला काडीचाही अर्थ नाही.

दोन्हींची व्हॉल्यूमची बटणं दहाच्या काट्यावर आणली की आवाज सारखा झाला, असं सगळे धरून चालतात. पण प्रत्येक ॲम्प्लिफायरचा गेन वेगळा असतो. एकाचे दहा आणि दुसऱ्याचे दहा यांत तीन-चार डेसिबलचं अंतर सहज पडतं. एवढं अंतर असलं तर निदान कोणता मोठा आणि कोणता लहान ते समजतं. फसगत होते ती अर्ध्या डेसिबलला. तेवढी वाढ 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही. ती 'मोकळा', 'भरीव', 'जिवंत' म्हणून जाणवते, आणि दुकानातल्या बोलीत 'म्युझिकल' म्हणून. शिवाय फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं आहे की आवाज कमी असला की आपल्या कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो, आणि आवाज वाढवला की खर्ज बाकीच्या सुरांपेक्षा भराभर वर येतो. त्यामुळे मोठ्यानं वाजणाऱ्या यंत्राचा खर्ज आपोआपच भरदार भासतो. यंत्रानं त्यासाठी काहीही केलेलं नसतं.

यावरचा उपाय मल्टिमीटर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबापाशी तो हवा तसा मिळतो. एक किलोहर्ट्झचा सलग सूर लावायचा, मीटरच्या दोन्ही तारा स्पीकरच्या टर्मिनलांना टेकवायच्या आणि एसी व्होल्ट वाचायचे. एकावर २.०० आले तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत आणायचे. एक टक्का व्होल्टेज म्हणजे जवळपास एक दशांश डेसिबल, तेवढं पुरतं. मात्र अगदी स्वस्तातल्या मीटरवर एसीची सगळ्यांत खालची रेंज २०० व्होल्टची असते. ती इथे निरुपयोगी आहे. २ किंवा २० व्होल्टची रेंज बघून घ्यावा. हे सगळं दोन मिनिटांत उरकतं. लाखाची वस्तू विकणाऱ्या दुकानात मी मीटर मागितला तेव्हा उत्तर मिळालं, "साहेब, गाणं कानानं ऐकायचं असतं." कानाला त्याचं काम नीट करता यावं म्हणूनच तर मीटर हवा होता.

दुसरी मागणी चादरीची, म्हणजे यंत्रं झाकून ऐकवण्याची. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत त्याच माणसांना तेच स्पीकर दोन प्रकारे ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण पडद्याआड टिकले नाहीत. यांत ऐकण्याचा सराव असलेली माणसंही होती. पुढे तिथे पडद्यामागचे स्पीकर काही सेकंदांत त्याच जागी अदलाबदल करणारी यंत्रणाच बसवली गेली, कारण आवाजाची बारीक आठवण फार वेळ टिकत नाही. आपल्याकडे एका ॲम्प्लिफायरच्या वायरी सोडवून दुसऱ्याला जोडेपर्यंत चहा येतो, चहा संपतो, मुलगा वायर कमी पडली म्हणून गोदामात जाऊन येतो. तेवढ्या वेळानंतर कशाची तुलना कशाशी करायची?

आणि लावतात काय, तर ईगल्सच्या १९९४ सालच्या मैफलीतलं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. गाणं चांगलं आहे, ध्वनिमुद्रणही उत्तम आहे. म्हणूनच ते बहुतेक कुठल्याही यंत्रावर बरं वाजतं आणि त्यावरून निवाडा होत नाही. मी घरी तंबोरा ऐकणार आहे, तर दुकानातही तंबोराच ऐकवा. तंबोऱ्याइतकी कठोर परीक्षा दुसरी नाही. जवारी नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो कुणी छेडलेला नसतो, तो त्या तारेचा पाचवा स्वयंभू सूर असतो. चांगल्या संचावर तो गंधार अलगद सुटा होऊन खोलीत उभा राहतो. वाईट संचावर नुसती झणझण उरते, किंवा विक्रेत्यानं ट्रेबल चढवून ठेवलेलं असेल तर कानात टोचणारी चिरचिर. किशोरी आमोणकरांचा भूप लावावा. त्या रागाचा वादी स्वर गंधारच, त्यामुळे गळ्यातला गंधार तंबोऱ्यातल्या गंधारात मिसळतो की त्याच्यावर चढून बसतो, हे दोन मिनिटांत कळतं. त्यानंतर साधं बोलणं ऐकावं, पुरुषाच्या आवाजातल्या बातम्याही चालतील. बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर घडवताना माणसाच्या बोलण्यावर भर दिला होता, कारण माणूस खोक्यातून बोलतोय असं वाटलं तर ते कुणालाही लगेच ओळखता येतं. मी आकाशवाणीची बातमी लावायला सांगितली तेव्हा विक्रेता घड्याळ बघायला लागला.

तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. जुन्या मैफली नव्यानं प्रसिद्ध करताना खरखर काढण्याच्या नादात तंबोराही पुसून टाकतात. खरखर आणि जवारी एकाच पट्ट्यात राहतात, एकीला धुतलं की दुसरी फिकी होते. दोन आलापांच्या मधल्या जागेत जिथे तंबोरा भरून राहायचा तिथे आता पोकळी ऐकू येते. त्यानंतर घरात कितीही किमतीचं यंत्र आणलं तरी ती पोकळीच जास्त स्वच्छ वाजते. मला खरखर चालेल. तंबोरा परत द्या.

वस्तू घरी आणली, ऐकली, मन भरलं नाही आणि दुकानात फोन केला, की उत्तर ठरलेलं असतं, "अजून बर्न-इन झालेलं नाही, दोनशे तास वाजू द्या." रोज दोन तास ऐकणाऱ्याला दोनशे तास व्हायला शंभर दिवस लागतात. वस्तू परत करायची मुदत मात्र दहा दिवसांची. दोनशे तासांचा आग्रह असेल तर मुदतही त्याच मापानं द्यावी, एवढंच म्हणणं आहे.

घरी आल्यावर सगळ्यांत मोठं यंत्र म्हणजे खोली. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती दुकानात विकायला नसते. दहा बाय बाराची खोली घ्या. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर घुमतो, दहा फुटांमध्ये ५६ चा. छतही दहा फुटांवर असेल तर रुंदी आणि उंची एकाच सुरावर येतात आणि ५६ हर्ट्झच्या आसपास काहीही वाजलं की खोली गुरगुरते. डग्ग्याचा एक ठोका भरदार घुमतो, पुढचा पोचट निघतो आणि दोष तबलजीवर जातो. त्यात स्पीकर कोपऱ्यात ठेवला की खर्ज आणखी फुगतो. तोच स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, किंवा आपली खुर्ची मागच्या भिंतीपासून सुटी केली, तर जो फरक पडतो तो ॲम्प्लिफायर बदलून पडत नाही. हे फुकट आहे. फुकट असल्यामुळे ते कुणी करत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ज्यांच्याकडे मला 'जरा ऐकून सांगा' म्हणून बोलावतात, त्यांच्याकडे एक स्पीकर शोकेसमध्ये बाहुल्यांच्या रांगेत असतो आणि दुसरा दाराआड. दार उघडलं की डावी बाजू बंद. आणि प्रश्न असा असतो की वायर बदलू का?

फरशी, काच आणि रंगवलेल्या भिंती असलेल्या खोलीत मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून टर्रर्र असा बारीक आवाज आला, तर तोच प्रत्येक सुरामागून येतोय. जाड सतरंजी, कापडी सोफा, भरलेलं पुस्तकांचं कपाट, समोरच्या भिंतीवर गोधडी, यांनी तो बराच मरतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काही होत नाही. तो सल्ला मला इतक्या जणांनी दिला आहे की तो कुठून निघाला याचा छडा लागला पाहिजे.

माझे स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढे असतात. त्यांच्या जागा मी फरशीवर खडूनं आखून ठेवतो. रोज सकाळी खडू पुसला जातो आणि स्पीकर भिंतीला टेकतात. फरशी पुसणाऱ्या मावशींना समजावलं तर त्या म्हणाल्या, "दादा, मधे ठेवलेत तर कुणाचा तरी पाय अडखळेल." मुद्दा बरोबर आहे, म्हणून खडूऐवजी आता चिकटपट्टीचे कोपरे केले आहेत. तेही फडक्याबरोबर उचलले जातात. दर संध्याकाळी टेप घेऊन मोजणं आलं. मग पंखा. मे महिन्यात पंखा बंद करून विलंबित ऐकता येत नाही आणि पंखा चालू ठेवून तंबोरा ऐकता येत नाही. छताच्या पंख्यांच्या जाहिरातीत वारा किती ते मोठ्या अक्षरात असतं, आवाज किती ते सहसा नसतंच. पाच नंबरवर पंखा किती डेसिबल करतो हे खोक्यावर छापायला काय हरकत आहे?

वायरीबद्दल लवकर आटोपतो. वायरमन घरात घालतो ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार मीटरला सुमारे सात मिलिओहम असते. स्पीकर पाच मीटरवर असला तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरसमोर हे नुकसान एक दशांश डेसिबलही नाही. स्पीकरच्या वायरीचा विषय माझ्यापुरता इथे संपला. घरघर येत असेल तर आधी टीव्हीच्या केबलची पिन काढून बघा, पुष्कळदा दोष तिथूनच येतो. अर्थिंगची पिन कापून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला प्लगला हात लावू देऊ नका.

रेकॉर्डप्लेअर हा त्याहून दुखरा विषय. नात्यातल्या एका काकांनी न्यू जर्सीहून जुना टर्नटेबल आणला. इथल्या इलेक्ट्रिशियननं स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून दिला आणि काम झालं म्हणाला. ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करतो, ५० हर्ट्झचे ६० करत नाही. त्या टर्नटेबलची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालणारी. त्यामुळे ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला पावणेअठ्ठावीसच फेरे घेते, वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली जाते. पट्ट्याची पुली बदलली की प्रश्न सुटतो. पण येणारे-जाणारे ऐकून म्हणतात, "जुन्या रेकॉर्डचा आवाज किती भारदस्त, नाही?" काका खूष आहेत. पुली आणून देतो असं मी म्हटलं, तर राहू दे म्हणाले.

वेग जरासा चढा असला तरी तितकंच वाईट. ३३⅓ ची तबकडी ३३¾ नं फिरली की सगळा गळा एका प्रमाणश्रुतीनं वर सरकतो, आणि शेजारी पेटी घेऊन बसलेल्याची पट्टी जुळत नाही. वेग तपासायला स्ट्रोबची चकती असते. आपल्या ५० हर्ट्झला १८० रेषांची लागते. सोबत फुकट येते ती पुष्कळदा २१६ रेषांची, ६० हर्ट्झच्या देशांसाठीची. बरोबर चकती मिळवावी तर घरातल्या चांगल्या एलईडी दिव्यांखाली रेषा स्थिर दिसतच नाहीत, कारण ते दिवे विजेच्या हर्ट्झबरोबर लुकलुकत नाहीत. त्यासाठी चोकवाली जुनी ट्यूब जपून ठेवावी लागते. मी ठेवली आहे.

शेवटचं गाऱ्हाणं व्हॉल्यूमच्या बटणाचं. जुन्या ॲम्प्लिफायरांना पूर्ण आवाजासाठी १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरत. सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो. त्यामुळे बटण आठाच्या काट्यावरून सव्वाआठवर नेलं की शेजारी खिडकी लावतात. बटणाचा पाऊण घेरा वापरातच येत नाही, आणि जो खालचा पाव घेरा उरतो तिथेच डावी-उजवी बाजू सारखी नसते. रात्री हळू आवाजात ऐकताना गायिका उजवीकडे सरकून बसते. बॅलन्सचं बटण होतं तोवर ती मधे आणता यायची. आवाज शुद्ध राहावा म्हणून तेही काढून टाकलं आहे. उपाय दोन रेझिस्टन्सचा आहे, प्रत्येक बाजूला एक ६.८ किलोओहमचा आणि एक ३.३ चा. साधारण दहा डेसिबल आवाज उतरतो आणि बटण मधल्या जागेवर, जिथे ते नीट चालतं, तिथे येतं. वडापावच्या पैशात चारही रेझिस्टन्स येतात. डाक लावून घ्यायला वेळ नसलेल्यांसाठी हे तयार, पिना लावून का मिळू नये? हाय-फायच्या दुकानात विचारलं की सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी पुढे करतात. कुणाला ठाऊक असलेल्या दुकानात दहा डेसिबलचा तयार ॲटेन्युएटर मिळत असेल तर त्याचा पत्ता मला हवा आहे. जोडी नको, चार घेणार आहे. दोन काकांकडे लागतील.