वादळामागे धावणारे

अमेरिकेत चक्रीवादळाचा वारा ताशी ११९ किलोमीटरला पोचला की त्याला हरिकेन म्हणतात. हौशी मंडळी पदरमोड करून, गाड्या पळवत, ऐन शहरात तो अंगावर घ्यायला उभी राहतात. हिंगोली जिल्ह्यात एवढी यातायात नको. उन्हाळ्यात वावधान, म्हणजे वादळी वारं, स्वतःच वसमतच्या बाजारात येतं. टपरीचा पत्रा उडाला की पोरं आधी मोबाइल काढतात, मग डोकं सांभाळतात. शेतकरी धावतो तो वाळत घातलेल्या हळदीवरून उडालेल्या ताडपत्रीमागे. सगळ्यांत शेवटी, तालुक्यातल्या गिरगावच्या केळी आडव्या झाल्यावर, पंचनामा निघतो. पीक ३३ टक्के गेलं तरच मदत! तेव्हा वाऱ्याबाबा, येणारच असाल तर निदान टक्केवारी पाठ करून या.