सॅम्पल साइझ

एप्रिलच्या मध्याला एनबीएचे प्लेऑफ सुरू झाले की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी घोळक्यात आकडेपंतांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. माणूस वाईट नाही. विमा कंपनीत जोखमीची गणितं करतात, बर्फ पडला की शेजाऱ्याचाही ड्राइव्हवे उपसून देतात, कुणाच्या आईवडिलांना विमानतळावरून आणायचं असेल तर पहिला फोन त्यांनाच जातो. फक्त त्यांच्यासमोर ‘काय खेळला हो तो काल!’ असं म्हणायची सोय नाही. ‘कशावरून?’ असं ते विचारतात, आणि उत्तराची वाट बघतात.

‘पस्तीस पॉइंट केले की,’ असं समोरचा म्हणाला, तर संपलाच तो. किती शॉट मारून केले? खिशातून बॉलपेन निघतं. मागच्या खेपेला कागद मिळेना, तेव्हा पुरणपोळी खाऊन झालेल्या कागदी प्लेटच्या कडेवर त्यांनी ट्रू शूटिंगचं सूत्र मांडलं. शॉटमध्ये ०.४४ गुणिले फ्री थ्रो मिळवायचे, त्याची दुप्पट करायची आणि तिने पॉइंटना भागायचं. तुपावर शाई धरेना. ०.४४ मधला शेवटचा चार त्यांनी तीनदा गिरवला. ‘अर्धा का नाही हो?’ असं एका नवख्याने विचारलं आणि सगळ्यांची कढी निवली. खरं तर उत्तर सोपं आहे. दोन फ्री थ्रोंना एक संधी खर्ची पडते असं धरलं तर अर्धा यायला हवा. पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा थ्रो वेगळी संधी खात नाही, म्हणून जरा कमी. पंतांना एवढं सांगायला पाऊण तास लागतो, कारण वाटेत ते जॉन हॉलिंजरच्या पीईआरला, म्हणजे अख्खा खेळाडू एकाच आकड्यात मोजणाऱ्या मापाला, झोडपून येतात.

त्यांचं दैवत लेब्रॉन जेम्स, आणि त्यातही २०१५ ची फायनल. क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह पहिल्याच फेरीत खांदा निखळून बाहेर गेलेला, कायरी अर्व्हिंगची गुडघ्याची वाटी फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये फुटलेली. उरला लेब्रॉन. सहा मॅचमध्ये सरासरी ३५.८ पॉइंट, १३.३ रिबाउंड, ८.८ असिस्ट. गोल्डन स्टेट ४-२ ने जिंकलं आणि फायनलचा एमव्हीपी ठरला आंद्रे इग्वोडाला. मतं सात विरुद्ध चार. ती सात मतं पंतांच्या घशाखाली अजून उतरलेली नाहीत.

‘बाबा, पण लेब्रॉनने शॉट ३९.८ टक्केच घातले ना!’ हा त्यांचा मुलगा. बापाचंच हत्यार बापावर. शिवाय इग्वोडालाला चौथ्या मॅचपासून सुरुवातीच्या पाचांत घेतलं आणि तिथून गोल्डन स्टेट एकही मॅच हरलं नाही, हेही त्याला पाठ आहे.

पंत क्षणभर गप्प होतात आणि मग ठेवणीतलं वाक्य काढतात: ‘सॅम्पल साइझ लहान आहे.’

हे वाक्य चूक नाही, हीच पंचाईत आहे. प्लस-मायनसचंच घ्या, म्हणजे खेळाडू मैदानात असताना संघ किती पॉइंटनी पुढे गेला किंवा मागे पडला. पाच-सहा मॅचमध्ये तो आकडा सोबतच्या चौघांवर आणि समोरच्यांच्या नशिबावर इतका हेलकावे खातो की त्यावर कुणाची लायकी ठरवू नये. पण पंतांना हे प्लस-मायनस विरोधात गेल्यावरच आठवतं. बाजूने असलं की त्याच सहा मॅच पुराव्याला पुरतात. बेरजांचंही तेच. २०२३ मध्ये निकोला योकिचने एकाच प्लेऑफमध्ये ६०० पॉइंट, २६९ रिबाउंड आणि १९० असिस्ट केले. तिन्ही बेरजांत पहिला येणारा तो पहिलाच. ‘बेरजा कसल्या बघता? शंभर पझेशनमागे बघा!’ असं पंत कडाडले. प्लेऑफच्या इतिहासात सर्वाधिक पॉइंट लेब्रॉनचे, हे सांगताना मात्र बेरीज चालते.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘अहो, सव्वीस वर्षांचं सॅम्पल आहे माझ्याकडे. एकही वाद हरल्याचं तुम्ही कबूल केलेलं नाही.’

मला विचाराल तर या दुखण्याचं मूळ बास्केटबॉलमध्ये नाहीच. ते चेन्नईत आहे, जानेवारी १९९९ मधलं. पाकिस्तानविरुद्ध जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. सचिन १३६ वर बाद झाला तेव्हा १७ उरल्या होत्या. मागचे तिघे चार धावांत गुंडाळले गेले आणि आपण १२ धावांनी हरलो. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, ‘मोक्याच्या वेळी कच खातो.’ पंत तेव्हा तिथेच होते, पण हाताशी एकही सूत्र नव्हतं. अमेरिकेत येऊन त्यांनी सूत्रं गोळा केली ती त्या कट्ट्यावरच्या माणसाला उत्तर द्यायला. तो माणूस आता रिअल इस्टेटमध्ये आहे आणि त्याला यातलं काही आठवत नाही.

बोस्टनच्या बिल रसेलचं नाव काढलं तर मात्र पंतांची गाडी अडते. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं, आणि बचाव हा त्याचा खरा खेळ. पण एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. प्लस-मायनस तर नाहीच.

त्याची शेवटची मॅच म्हणजे १९६९ च्या फायनलची सातवी. बोस्टनने लेकर्सना १०८-१०६ असं हरवलं. फायनलचा एमव्हीपी निवडायला त्याच वर्षी सुरुवात झाली आणि तो मान गेला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. दुखऱ्या मांडीने त्या मॅचमध्ये त्याने ४२ पॉइंट, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले होते. त्यानंतर आजवर हरलेल्या संघातल्या कुणालाही तो मान मिळालेला नाही.