नको म्हणजे नको

साताऱ्याकडच्या माणसांना ‘नको’ ऐकू येत नाही. पाहुण्याने पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून आमटी कशी सोडायची, हे तिथल्या बायकांना उपजतच येतं. पहिलं नको म्हणजे संकोच, दुसरं म्हणजे रीत आणि तिसरं म्हणजे ‘बरं, थोडंच वाढा’. माझ्या सासूबाई या परंपरेतल्या. अधूनमधून उन्हाळ्यात त्या शिकागोजवळच्या आमच्या उपनगरात येतात आणि आल्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक सजीवाला खायला घालतात. कुंडीतल्या कढीपत्त्याला ताक मिळतं, तुळशीला तांदळाचं धुवण, गुलाबाला चहाचा चोथा. नवऱ्याला काय मिळतं ते त्याच्या पट्ट्याच्या भोकांवरून कळतं. अशा या अन्नपूर्णेची गाठ आमच्या मागच्या अंगणात कंपास प्लांटशी पडली.

सिल्फियम लॅसिनिएटम हे त्याचं शास्त्रीय नाव, कुळ सूर्यफुलाचं, आणि जन्म इथल्याच मातीतला. इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’, म्हणजे गवताळ माळरानांचं राज्य, म्हणतात खरं, पण आता प्रेअरी बघायची तर पत्ता विचारत जावं लागतं. एके काळी या राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. त्यातली अस्सल, धड उरलेली प्रेअरी दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर. जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ साली याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात पोलादी नांगर घडवला. चिकट काळी माती त्या नांगराला धरून बसेना, आणि रान उलथायला सुरुवात झाली. आधी मका आला, पुढे सोयाबीन. प्रेअरीची फुलं मग नांगर जिथे जात नाही अशा ठिकाणी उरली, म्हणजे रेल्वेच्या रुळांकडेला आणि जुन्या दफनभूमींत. रॉबर्ट बेट्झ नावाचे प्राध्यापक तर जुन्या कबरस्तानांतून प्रेअरीचे तुकडे शोधत हिंडले. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना विद्वत्तेपेक्षा त्या प्राध्यापकांच्या बायकोची काळजी वाटली. “रोज घरात येण्याआधी आंघोळ करत असतील ना गं?”

माझं झाड मात्र बियांतून आलं. याचं बी थंडी सोसल्याशिवाय रुजत नाही. एक तर पानगळीच्या दिवसांत पेरून हिवाळ्याच्या हवाली करायचं, नाही तर साधारण दोन महिने ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवायचं. मी फ्रिज निवडला. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका मैत्रिणीने दही काढायला फ्रिज उघडला आणि पिशवी उजेडाकडे धरून विचारलं, “जवसाची चटणी का गं? पाणी सुटलंय.” तिने चव घेतली नाही एवढंच. घेतली असती तर दाताखाली नुसती वाळू आली असती आणि आमच्या मंडळात माझ्या हाताच्या चवीबद्दल जे बोललं गेलं असतं ते अजून ऐकत बसले असते.

वसंतात बी रुजलं आणि एक पान आलं. साधं, लांबट, खरखरीत. मग आणखी एखादं, आणि त्यावरच तो उन्हाळा आटोपला. पुढच्या उन्हाळ्यांत पानं वाढली, कडा खोल कातरल्या गेल्या, लांबी हातभर झाली, पण फुलाचं नाव नाही. कारण सगळा कारभार खाली चाललेला असतो. याचं मूळ सरळ पाताळाच्या दिशेने निघतं आणि पंधरा फुटांपर्यंत जाऊ शकतं. दुष्काळ, वणवा, बर्फ, रानरेड्यांचे कळप या सगळ्यांना पुरून उरायचं तर आधी मुळाची सोय लावावी लागते. झाड शंभर वर्षांपर्यंत जगू शकतं असं जाणकार सांगतात, त्यामुळे फुलायची घाई त्याला नाही. घाई पाहुण्यांना असते. आपल्याकडे बाग दाखवायची एक पद्धत आहे. जेवणं झाली की यजमानीणबाई हातात सुपारी घेऊन पुढे, मागून पाहुणे. मिरच्या झाल्या, मेथी झाली, दुधीचा मांडव झाला, की मी या पानांसमोर थांबते आणि म्हणते, “खाली पंधरा फूट मूळ असू शकतं.” पाहुणे जमिनीकडे बघतात. कोणी तरी “अरे वा” म्हणतं. शेजारचे गोरे आजोबा जरा स्पष्टवक्ते. त्यांचं हिरवळीवर अतोनात प्रेम. कुंपणापलीकडून बराच वेळ बघून त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, “हे मुद्दाम लावलंय का?”

नवऱ्याला रस होता तो झाडातल्या होकायंत्रात. या झाडाची पानं उभी राहतात आणि कडा उत्तर-दक्षिण धरतात. म्हणजे सकाळचं नि संध्याकाळचं कोवळं ऊन पानाच्या सपाट अंगावर पडतं, दुपारचा तडाखा नुसता कडेवरून घसरून जातो. कमी पाण्यात जास्त काम. नवरा मोबाइलवरचं कंपास उघडून प्रत्येक पानाशी ओणवा झाला आणि घरात येऊन म्हणाला, “काही पानांत बराच फरक येतोय.” येणारच. बहुतेक पानं उत्तर धरतात, एखाद-दुसरं मनाला येईल तिकडे तोंड करून उभं राहतं. चार माणसांच्या घरात तरी सगळे एका दिशेला कुठे बघतात? पण इंजिनिअरला हे सांगून उपयोग नाही. तो अजून कधी कधी झाडाला ‘कॅलिब्रेशन’ची गरज आहे असं म्हणतो.

तर अशा झाडापाशी सासूबाई एका सकाळी तांदळाच्या धुवणाचं पातेलं घेऊन पोचल्या. मी धावले.

“आई, याला नको.”

“अगं, थोडंसं.”

“थोडंसंही नको. खतपाणी जास्त झालं की दांडा उंच वाढतो आणि आडवा पडतो.”

“मग याची काळजी घ्यायची म्हणजे करायचं काय?”

“काही नाही.”

“रोज?”

“रोज.”

पातेलं तसंच हातात धरून त्या उभ्या राहिल्या. मी समजावलं की लहान असताना भोवतीचं तण काढावं लागतं, सशांपासून जपायला जाळी लावावी लागते, उन्हाळा फार तापला तर तेव्हा थोडं पाणी. एकदा मूळ धरलं की माणसाने बाजूला व्हायचं. ऊन भरपूर हवं, आणि जागा कायमची, कारण एवढं मूळ उकरून दुसरीकडे लावता येत नाही. आल्डो लिओपोल्ड या विस्कॉन्सिनच्या प्राध्यापकांनी तसा प्रयत्न करून बघितला होता. त्यांनी खणखण खणलं, मुळाचा शेवट लागेना, शेवटी कुदळ टाकली. मग बी पेरलं, तर पाच वर्षांनंतरही फुलाचा दांडा नाही. ही हकीकत त्यांच्या १९४९ साली निघालेल्या ‘अ सँड काउंटी ऑल्मनॅक’ या पुस्तकात आहे. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कासच्या पठारावर कारवीसुद्धा सात-सात वर्षं बसून राहते. तिला कोण चहाचा चोथा घालायला जातं?”

मला हायसं वाटलं. संध्याकाळी बघते तर झाडाखालची माती ओली. “कळशीत उरलं होतं थोडं,” त्या म्हणाल्या. आमच्या घरी कळशी नाही.

जुलैत त्यांना लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये नेलं. तिथल्या शुलेनबर्ग प्रेअरीची लागवड १९६२ साली सुरू झाली. तिथे कंपास प्लांट माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेले, पिवळ्याधमक फुलांनी भरलेले. सहा ते दहा फूट ही त्यांची नेहमीची उंची. सासूबाईंनी मान वर करून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “यांना खायला काय घालतात?” मी म्हटलं, इथे वाळलेलं रान ठरवून जाळतात. यावर अमेरिकन पाहुणे दचकतात. सासूबाईंनी नुसती मान डोलावली. जावळीकडच्या डोंगरउतारांवर भाताच्या रोपासाठी राब भाजताना त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. आगीनंतर काय उगवतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. आमच्या अंगणात काडी लावण्याचा विषय मात्र मी तिथल्या तिथे मिटवला. आम्ही वाळलेले दांडे कापतो, तेवढं पुरे.

मग माझ्याकडून एक जास्तीची माहिती निघून गेली. या झाडाच्या दांड्यातून चिकट राळ पाझरते, आणि ओमाहा नि पोन्का लोकांची मुलं पूर्वी ती वाळली की चघळायची.

“म्हणजे डिंक?” सासूबाईंचे डोळे चमकले.

डिंक म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात पुढचं सगळं आपोआप होतं: खारीक, खोबरं, गूळ, घरातली होऊ घातलेली बाळंतीण. त्यांच्या धाकट्या भाचीला तेव्हा सातवा लागला होता. ‘झाडांना हात लावू नये’ अशी पाटी शेजारीच होती, पण ती इंग्रजीत होती. मी त्यांची पर्स माझ्या खांद्यावर घेतली आणि परत निघेपर्यंत दिली नाही.

त्या परत गेल्या त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात आमच्या झाडाने दांडा काढला. जूनमध्ये गुडघ्याएवढा, जुलैत माझ्याहून उंच. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना तो दाखवायचा, त्यांची तेव्हा सकाळ असे. कळ्या धरल्या आणि एका सकाळी बघते तर दोन-तीन कळ्या देठाशी चिरून खाली लोंबतायत. या कळ्यांवर एक छोटा सोंडकिडा असतो, तो देठ अर्धवट कुरतडतो आणि लोंबत्या फुलात अंडी घालतो. नवरा फवारा शोधायला निघाला, त्याला थांबवलं. लोंबलेल्या कळ्या तोडून टाकल्या, बाकीच्या फुलल्या. शेजारचे आजोबा कुंपणाशी आले, टोपी मागे सारून बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, “मुद्दामच होतं तर.”

सप्टेंबरात बिया धरल्या. मी पुढच्या वर्षासाठी काही काढून ठेवणार होते, तेवढ्यात गोल्डफिंच आले, पिवळे चिमणीहून लहान पक्षी, दांड्याला उलटे लटकून बी उपसायला लागले. सासूबाईंना फोन फिरवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पडद्याच्या अगदी जवळ आल्या. कोणीही न बोलावता आलेले, कोणीही ‘अजून घ्या’ न म्हणता पोटभर जेवणारे पाहुणे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कपाळाला आठी पडली.

“जेवायला वाढलंस, आणि पाणी कुठे ठेवलंयस?”

नवऱ्याने त्याच रात्री अंगणात ठेवायला दगडी परात मागवली. रोज ती भरली की नाही, याचा फोटो साताऱ्याला जातो.