डावं स्टिअरिंग, उजवा मेव्हणा

दाजींच्या जीपमध्ये पेट्रोल भरायचं तर आधी दाजींना उठावं लागतं. टाकी त्यांच्या बुडाखाली आहे. पंपावरचा पोरगा पाइप हातात घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो, झाकण काही सापडत नाही. मग दाजी उतरतात, सीटची गादी उलटी करतात आणि म्हणतात, "टाक." पोरगा गादीकडे बघतो, दाजींकडे बघतो आणि दोन पावलं मागे सरकतो. सत्तावन्न लिटर पेट्रोलवर बसून माणसानं लढाई करावी, ही कल्पना ज्याला सुचली तो स्वतः त्या सीटवर बसणार नव्हता, हे माझं मत. दाजींचं मत वेगळं. "मागची जागा मोकळी राहते की नाही?" या जीपच्या प्रत्येक तिरपागडेपणाचं कारण दाजींकडे तयार असतं.

जीप १९४४ची, विलिज कंपनीची. देवळालीला तोफखान्याचा तळ. तिथल्या एका लिलावात दाजींच्या वडिलांनी ती उचलली, असं घरात सांगतात. आषाढातल्या एका रविवारी दाजींनी बेत काढला: त्र्यंबक, तिथून वैतरणा, घोटीला भजी आणि परत. ताई म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मला उद्या कामं आहेत."

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. आपण चालतो तेही रस्त्याच्या डावीकडूनच, त्यामुळे पुढच्या वाहनापलीकडे काय आहे ते दाजींना दिसत नाही, मला दिसतं. आयटीआय सिग्नलपासून टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला एक पिकअप आमच्या पुढे होता.

"मेव्हणे, काढू का?"

"थांबा दाजी, एसटी येतेय."

"आता?"

"आता तिच्यामागची एसटी."

असं करत पपया नर्सरीपर्यंत आम्ही त्या टोमॅटोंचे पाहुणे होतो. मधे सातपूर लागलं. तिथला महिंद्राचा कारखाना दिसला की दाजी हॉर्न वाजवतात, देवळावरून जाताना हात जोडावेत तसा. कारण उघड आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास याच कंपनीनं विलिजच्या जीपा मुंबईत जुळवून विकायला सुरुवात केली, आणि आजची थार नाशकातच बनते. ट्रेलरवर चढवलेल्या चकचकीत थार बाहेर पडत होत्या.

"नातवंडं," दाजी म्हणाले, आणि मग जाळीवर घसरले. लष्करी जीपच्या तोंडावर नऊ उभ्या खाचा. युद्ध संपल्यावर नागरी जीपला मोठे दिवे दिले, खाचांना जागा उरली नाही, त्या सात झाल्या. दिव्यापायी दोन खाचा गेल्या, एवढीच ती गोष्ट. पण पुढे ती सात खाचांची जाळी इतकी पवित्र ठरली की महिंद्राची रॉक्सर अमेरिकेत विकायला गेली तेव्हा जीपच्या मालकांनी २०१८ मध्ये तिच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून तक्रार गुदरली. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला आणि रॉक्सरला चेहरा बदलावा लागला. चौकोनी पत्र्याला उभ्या चिरा पाडण्यावरून माणसं कोर्टात जातात, हे ऐकून मला आमच्या भाऊबंदकीबद्दल जरा बरं वाटलं.

महिरावणी सोडली आणि पाऊस आला. अंजनेरी ढगात गेली. मी वायपरचं बटण शोधू लागलो. बटण नव्हतं. काचेच्या आतून एक बोटभर मूठ होती.

"हलवा," दाजी म्हणाले.

या जीपचा वायपर हातानं चालतो. लढाईत प्रत्येकानं आपापली काच पुसायची, अशी मूळ योजना. दाजींनी दोन्ही वायपर जोडणारी पट्टी बसवून घेतलीय, म्हणजे एका मेव्हण्यात काम भागतं. त्र्यंबकपर्यंत मी डावी-उजवी करत होतो, आणि जोर जरा कमी झाला की शेजारून आवाज येई, "मेव्हणे, झोपलात का?" दारं नाहीतच, दाराच्या जागी एक पट्टा. पाऊस दाराच्या वाटेनं आत येत होता आणि पायाशी साठत होता. त्याचंही उत्तर होतं. तळाला बूच आहे. ते काढलं की पाणी जातं, आणि ओढ्यात शिरताना घालायला विसरलं की येतं.

त्र्यंबकच्या पुढे डावं मागचं चाक बसलं. पंक्चरवाला पोरगा तरबेज दिसत होता. पाना लावला, जोर केला, मग पान्यावर उभा राहिला, मग उडी मारली. नट जागचा हलेना. दाजी शांतपणे विडी ओढत होते. पुरेसा घाम निघाल्यावर म्हणाले, "बाळा, डावीकडचे आटे उलटे आहेत. तू आवळतोयस." उजव्या चाकांचे नट सरळ आट्यांचे, डाव्यांचे उलट्या, चाकाच्या फिरण्यानं नट ढिले होऊ नयेत म्हणून ही व्यवस्था. "आधी का नाही सांगितलं काका?" "आधी सांगितलं असतं तर तुझ्या लक्षात राहिलं असतं का?" यावर पोरानं पंक्चरचे वीस रुपये जास्त लावले, ते रास्तच होते.

पंक्चर निघेस्तोवर दाजी मला बोल्ट दाखवत होते. विलिजला एकटीला एवढ्या जीपा बनवणं झेपेना, म्हणून फोर्डलाही काम दिलं. दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त काढल्या. हेन्री फोर्डच्या कंपनीनं मात्र आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ ठोकला. सुटे भाग एकमेकांना बसतात, त्यामुळे दाजींच्या विलिजमध्ये किती फोर्ड शिरलाय याची खानेसुमारी अजून चालू आहे. बॉडीला बाहेरून मुठी आहेत: चिखलात रुतली तर जवानांनी धरून उचलायची. दाजी त्यांना भाजीच्या पिशव्या अडकवतात. डाव्या अंगाला कुऱ्हाड-फावड्यासाठी पत्र्यात खाच दाबलेली. युद्धानंतरच्या पहिल्या नागरी जीपांवर फावडं गेलं तरी खाच तशीच येत राहिली. कारखान्यांचंही सरकारी कचेऱ्यांसारखंच असणार, साचा बदलायला कोणी सही करत नसेल.

वैतरणेच्या अलीकडे अंधारून आलं आणि इंजिन ठसकून बंद पडलं. डिस्ट्रिब्यूटरमध्ये पाणी. टॉर्च घरी राहिलेला. इथे दाजींनी जे केलं ते मात्र मला मनापासून आवडलं. बॉनेट उघडलं, हेडलाइटच्या मागचा दोन कानांचा नट चिमटीत धरून सैल केला, आणि अख्खा दिवा बिजागरीवर उलटा फिरवला. रस्त्याकडे बघणारा दिवा थेट इंजिनात बघू लागला. ही सोय कारखान्यातूनच आलेली. लाखांच्या गाड्यांत आज मोबाइल तोंडात धरून इंजिन तपासावं लागतं. माझ्या रुमालानं दाजींनी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण आतून कोरडं केलं, मला हॅण्डल मारायला लावलं, आणि चौथ्या झटक्याला गाडी सुरू झाली. रुमाल त्यांनी परत दिला नाही.

घोटीला हॉटेलापाशी एक नवीकोरी एसयूव्ही उभी होती. तिचा तरुण मालक जीपभोवती फिरला, फोटो काढले, आणि काचेवर बोट ठेवून म्हणाला, "काका, आमच्यात पावसाचा थेंब पडला की वायपर आपोआप सुरू होतो."

"आमचाही आपोआपच आहे," दाजी म्हणाले आणि भज्यांची दुसरी प्लेट माझ्यापुढे सरकवली. "फक्त मधे मधे खायला घालावं लागतं."